दुसरा अंक काढण्याआधी : माध्यम-विद्यार्थ्यांसाठी मासिकाच्या मांडणीचा सराव

माध्यमशिक्षणाच्या बहुतेक अभ्यासक्रमांत कधी ना कधी एक मासिक काढावं लागतं. बीएएमएमसी या माध्यमांच्या पदवीला असेल, पत्रकारितेच्या पदविकेला असेल, नाहीतर कॉलेजच्या वार्षिकांकाचं काम गळ्यात पडलं असेल. पहिला अंक कसाबसा निघतो. सबमिशनच्या आदल्या रात्री पानं लागतात, पीडीएफ जाते, मार्क मिळतात आणि विषय मिटतो. दुसऱ्या अंकाच्या वेळी टेम्प्लेट नवं येतं, फॉन्ट नवे येतात, पण पानं पुन्हा तशीच गिचमिड दिसतात. पहिल्या अंकात नेमकं काय बिघडलं होतं, हे कुणी धड वाक्यात सांगितलेलंच नसतं.

हा लेख या दोन अंकांमधल्या काळासाठी आहे. सॉफ्टवेअर जुजबी येतं असं गृहीत धरलं आहे. येत नसेल तर बसून शिकता येतं, त्याचा बाऊ करू नका. उदाहरणं मराठी अंकाची घेतली आहेत, कारण देवनागरीत पान लावताना जिथे अडतं तिथे इंग्रजी व्हिडिओ कामाला येत नाहीत.

जुना अंक छापून भिंतीवर लावा

स्क्रीनवर तपासू नका. मूळ मापात प्रिंट काढा, झेरॉक्सच्या दुकानातला काळा-पांढरा चालेल. समोरासमोर येणारी पानं जोडून चिकटवा : २ आणि ३, ४ आणि ५. वाचक एक पान पाहत नाही, जोडपान पाहतो. डावीकडची जाहिरात आणि उजवीकडचा मथळा एकमेकांशी भांडत असतील तर ते सुट्या पानांच्या पीडीएफमध्ये कळत नाही.

आता तीनदा पाहायचं. पहिल्यांदा पाच-सहा फुटांवरून. नजर आधी कुठे गेली, मग कुठे, हे पेन्सिलीने १, २, ३ असं लिहा. दुसऱ्यांदा प्रिंट उलटी करून. अक्षरं वाचता येत नाहीत म्हटल्यावर फक्त काळ्या-पांढऱ्याचं वजन दिसतं. कुठला कोपरा जड झालाय, कुठे मोकळी जागा उरून राहिली आहे (सोडलेली नाही, उरलेली) हे लगेच दिसतं. तिसऱ्यांदा खुर्चीत बसून एक लेख खरोखर वाचायचा आणि जिथे अडखळायला होईल तिथे खूण करायची.

मग प्रत्येक दोष लाल पेनने पूर्ण वाक्यात लिहा. अट एकच : ‘छान वाटत नाही’, ‘प्रोफेशनल लुक नाही’ अशी वाक्यं बाद. ‘मथळा २४ पॉइंट आणि उपमथळा २० पॉइंट, त्यामुळे दोघांतला मोठा कोण ते ठरत नाही’ हे चालेल. ‘फोटोओळ फोटोपेक्षा पुढच्या परिच्छेदाच्या जवळ आहे, म्हणून ती मजकुराचाच भाग वाटते’ हेही चालेल. दोष असा लिहिता आला की उपाय बहुतेक वेळा त्याच वाक्यात असतो.

यादी लांब होईल. दुसऱ्या अंकासाठी त्यातले तीनच दोष निवडा. सगळंच बदललं तर काय सुधारलं आणि कशामुळे, हे तुम्हाला स्वतःलाच सांगता येणार नाही. आणि प्रकल्पाच्या टिपणात नेमकं तेच लिहायचं असतं.

एक गोष्ट आणखी. अंक माध्यमाशी संबंध नसलेल्या कुणाच्या तरी हातात द्या. शेजारच्या काकू, होस्टेलवरचा इंजिनिअरिंगवाला, कुणीही. मत विचारू नका, मत विचारलं की लोक ‘छान आहे की!’ म्हणतात. फक्त बघत बसा : कुठलं पान भरकन उलटलं, कुठे डोळे बारीक केले, अनुक्रमणिकेवरून लेख शोधायला किती वेळ लागला.

चांगले अंक पट्टीने मोजा

पिंटरेस्टवरची मासिकं बहुधा छापलेलीच नसतात. ती नमुन्याची चित्रं असतात, आत लॅटिन भाषेतला भरणा-मजकूर असतो आणि मथळा ज्या मापाचा हवा त्याच मापाचा मिळालेला असतो. तुमच्याकडे येणारा लेख दीडपट लांब असतो आणि मथळा दोन ओळींत मावत नाही. म्हणून छापील अंक घ्या. रद्दीवाल्याकडे मिळतात, पुण्यात अप्पा बळवंत चौकाच्या आसपास मिळतात, आणि वाचनालयात दिवाळी अंक तर महिनोन् महिने फिरत असतात.

आवडलेल्या जोडपानावर बटर पेपर ठेवा आणि पेन्सिलीने मजकुराच्या, फोटोच्या, मथळ्याच्या नुसत्या चौकटी काढा. मग पट्टी घ्या. चारही समास किती, रकाना किती रुंद, दोन रकान्यांत किती जागा, एका रकान्यात ओळी किती, एका ओळीत शब्द किती. ही आकडेवारी वहीत लिहा. अशी आठ-दहा जोडपानं मोजली की लक्षात येतं, जी पानं ‘सुटसुटीत’ वाटत होती त्यांच्यात मजकूर कमी नसतो. समास ठरलेले असतात आणि ते कुठेही मोडलेले नसतात.

त्यानंतर त्यातलं एक जोडपान सॉफ्टवेअरमध्ये जसंच्या तसं उभं करा, मजकूर आणि फोटो मात्र स्वतःचे. हे कुठे सबमिट करायचं नाही. चित्रकलेच्या शाळेत जुन्या चित्रांची नक्कल करायला लावतात, त्याच कारणासाठी हे करायचं : हाताला मापं कळतात.

मराठीत पाहण्यासारखं खूप आहे. काशिनाथ रघुनाथ मित्र यांनी १९०९ मध्ये ‘मनोरंजन’चा दिवाळी अंक काढला तेव्हापासूनची परंपरा आहे. १९४५ मध्ये ‘दीपावली’ सुरू करणारे दीनानाथ दलाल आणि त्यांचे समकालीन रघुवीर मुळगावकर या दोघांची मुखपृष्ठं मिळतील तिथे पाहा. दोघंही मूळचे गोव्याकडचे. चित्रात मोकळी जागा कुठे राहिली आहे आणि अंकाचं नाव तिथे कसं बसलं आहे, एवढंच आधी पाहा. अक्षरांसाठी कमल शेडगे यांनी नाटकांच्या जाहिरातींसाठी केलेली शीर्षकं पाहा : नाटकाचा स्वभाव अक्षराच्या वळणातच दिसतो, बाजूला मुखवटे आणि पडदे काढावे लागत नाहीत. स्पष्ट सांगायचं तर जुन्या दिवाळी अंकांची मुखपृष्ठं जितकी शिकण्यासारखी, तितकी आतली पानं नेहमीच नाहीत. तिथे जाहिरातींनी उरवलेल्या जागेत कथा कोंबलेली दिसते. तेही बघून ठेवा, कारण वार्षिकांकाला जाहिराती आल्या की तुमच्यावर तीच वेळ येणार आहे.

डमी : संगणक लावण्याआधी

साधे कागद दुमडून, पिन मारून, तळहाताएवढी डमी, म्हणजे अंकाची कच्ची नमुना-प्रत करा. पानांना आकडे टाका आणि कुठल्या पानावर काय, हे पेन्सिलीने लिहा. लेख कुठे सुरू होतो, कुठे संपतो, जाहिरात कुठे, रंगीत पानं कुठली.

पानांची संख्या मनाने ठरत नाही. ऑफसेटवर २० × ३० इंचांचा कागद दोन्ही बाजूंनी छापून तीन घड्या घातल्या की १६ पानांचा एक फर्मा होतो. म्हणून ६४ पानांचा अंक चार फर्म्यांत बसतो आणि ६६ पानांचा अंक म्हणजे प्रेसवाल्याची डोकेदुखी. विद्यार्थ्यांच्या पंचवीस-तीस प्रती बहुधा डिजिटल प्रेसवर निघतात. तिथे सेंटर पिन (मधल्या घडीवर मारलेली पिन) मारायची तर पानं चारच्या पटीत हवीत. सेंटर पिनचा अंक जाड झाला की मधली पानं बाहेर सरकतात आणि कटिंगमध्ये त्यांचा बाहेरचा समास खाल्ला जातो. मधल्या पानांवर पानांक अगदी कडेला ठेवू नका.

डमीत अंकाची चालही ठरवा. सलग चार लांब लेख आले की वाचक थकतो. लांब लेखामागे एखादं फोटोपान, नाहीतर एका पानाची छोटी मुलाखत टाका.

माप आणि जाळी

मराठी मासिकांत आणि दिवाळी अंकांत सर्रास दिसणारं माप म्हणजे क्राउन पाव, साधारण ७.२५ × ९.५ इंच, मिलिमीटरमध्ये १८४ × २४१. ए-फोरपेक्षा ते हातात बरं बसतं, आणि उघडलेलं जोडपान १२ × १८ इंचांच्या डिजिटल शीटवर मावतं. त्याचाच हिशोब करून पाहू.

आतला समास १८ मिमी, बाहेरचा १४. मजकुराला रुंदी उरली १५२ मिमी. दोन रकाने करून मध्ये ६ मिमी सोडले तर एक रकाना ७३ मिमीचा. तीन रकाने करून मध्ये ५-५ मिमी सोडले तर रकाना जेमतेम ४७ मिमीचा. साडेदहा पॉइंटच्या देवनागरी मजकुरात ७३ मिमीला सात-आठ शब्द बसतात, ४७ मिमीला साधारण पाच. आता मराठी शब्द डोळ्यांसमोर आणा : ‘विद्यार्थ्यांसाठीसुद्धा’, ‘कार्यकर्त्यांपैकी’. आपल्याकडे प्रत्यय शब्दाला चिकटतात. पाच शब्दांच्या ओळीत असा एखादा खाली घसरला की वरची ओळ ताणली जाते आणि शब्दांमध्ये भोकं पडतात. इंग्रजी मासिकाची तीन रकान्यांची जाळी (समास आणि रकाने यांची आखणी) मराठीत उचलली की पान विरविरीत दिसतं ते याच कारणाने. तीन रकाने हवेच असतील तर मजकूर डावीकडून सरळ आणि उजवीकडून मोकळा सोडा, दोन्ही कडा जुळवायचा अट्टहास करू नका.

उंचीचा हिशोब : वर १८, खाली २२ मिमी सोडले की २०१ मिमी उरतात, म्हणजे ५७० पॉइंट. ओळीमागे १५ पॉइंट धरले तर बरोबर ३८ ओळी. सॉफ्टवेअरमध्ये १५ पॉइंटची बेसलाइन ग्रिड (ओळी जिच्यावर बसतात ती समान अंतराच्या रेषांची जाळी) लावा आणि सगळा मुख्य मजकूर तिला बांधा. शेजारशेजारच्या रकान्यांतल्या ओळी एका रेषेत आल्या नाहीत तर वाचकाला कारण सांगता येत नाही, पण पान हललेलं वाटतं.

या जाळीत भरलेल्या पानाला साधारण साडेपाचशे-पावणेसहाशे शब्द लागतात. म्हणजे १४०० शब्दांचा लेख नुसत्या मजकुराने अडीच पानं खातो. मथळा आणि फोटो धरून चार पानं. हा आकडा लेख लिहिणाऱ्या मित्राला आधीच सांगा. पान लावताना ‘दोनशे शब्द जास्त झालेत’ हे कळलं की आपण फॉन्ट लहान करतो, आणि तिथून घसरण सुरू होते. जास्त झालेले शब्द कापायचे असतात.

देवनागरी : इथे जास्त वेळ द्या

पहिली चाचणी सॉफ्टवेअरचीच. एक ओळ टाइप करा : ‘वऱ्हाडी कीर्तनाची हृद्य आठवण आणि उत्कृष्ट शुद्धलेखन’. त्यातला ऱ्ह, रफार, हृ, द्य, ष्ट, द्ध नीट उमटले तर पुढे चला. इनडिझाइनमध्ये अक्षरं सुटी पडली, ऱ्हस्व वेलांटी व्यंजनाच्या नंतर जाऊन बसली, तर परिच्छेदाच्या सेटिंगमध्ये ‘वर्ल्ड-रेडी पॅराग्राफ कंपोजर’ निवडा. निम्म्या तक्रारी तिथेच मिटतात. फुकटात काम करायचं असेल तर स्क्रायबस आहे, पण १.६ किंवा त्यानंतरची आवृत्ती घ्या, जुन्या १.४ मध्ये जोडाक्षरांचे हाल होतात.

मजकूर युनिकोडमध्येच मागवा. एखादा प्राध्यापक श्रीलिपी किंवा कृतिदेव अशा युनिकोड नसलेल्या जुन्या फॉन्टमध्ये टाइप केलेली फाइल पाठवेल. ती कन्व्हर्टरमधून काढली की मजकूर वरवर बरोबर दिसतो, पण रफार, अवतरणचिन्हं आणि आकडे इकडेतिकडे झालेले असतात. अशा लेखाचं प्रूफ पुन्हा पहिल्यापासून वाचावं लागतं. त्याला पर्याय नाही.

मजकुराची भाषा सॉफ्टवेअरमध्ये ‘मराठी’ अशी निवडा. हिंदी आणि मराठी वळणांत फरक आहे. मराठीत पाकळीचा ल आणि देठाचा श चालतो, राज्य शासनानेही २००९ च्या शासन निर्णयात हीच वळणं मानक म्हणून दिली. बऱ्याच चांगल्या फॉन्टमध्ये दोन्ही वळणं असतात, पण भाषा निवडल्याशिवाय मराठी वळण येत नाही. ‘तिरो देवनागरी मराठी’ या फॉन्टमध्ये ते मुळातच मराठी आहे. लांब ललित मजकुराला तो शोभतो. ‘एक टाइप’चा ‘मुक्त’ सात वजनांत (बारीकपासून जाडपर्यंत) मिळतो, त्यामुळे चौकटी, फोटोओळी, आकडेवारी यांना सोयीचा. दोन्ही मोफत आहेत. एका अंकाला दोन फॉन्ट पुरतात. तिसरा घ्यावासा वाटला तर आधी जे दोन आहेत त्यांची वजनं वापरून पाहा.

आता इंग्रजीतून आपोआप शिरणाऱ्या सवयी. अक्षरांमधलं अंतर वाढवणं ही त्यातली सगळ्यांत घातक. इंग्रजी कॅपिटल अक्षरं सुटी केली की देखणी दिसतात; देवनागरीत तेच केलं की शिरोरेषा ठिकठिकाणी तुटते आणि शब्दाचे तुकडे पडतात. ओळ भरण्यासाठी सॉफ्टवेअर स्वतःहूनही अक्षरांतलं अंतर थोडं ताणतं. जस्टिफिकेशनच्या सेटिंगमध्ये अक्षरांतरातले तिन्ही आकडे शून्य करा; ताणायचं ते शब्दांतलं अंतर.

ठळक करण्याचे मार्गही वेगळे. देवनागरीला कॅपिटल नाहीत, आणि इटॅलिकच्या नावाखाली अक्षर नुसतं तिरकं केलं की ते पडायला आल्यासारखं दिसतं. म्हणजे हाताशी उरतात आकार, वजन, रंग आणि जागा. मथळा, उपमथळा, बायलाइन (लेखकाचं नाव), मजकूर, फोटोओळ अशा पाच पायऱ्या ठरवा आणि शेजारच्या दोन पायऱ्यांत मापाने नाहीतर वजनाने फरक ठसठशीत ठेवा. ४०, १४, ९.५, १०.५, ८.५ अशी मापं चालतील. २४, २०, १४, १२, ११ अशी ठेवली की सगळेच एका सुरात बोलतात.

ओळींमधलं अंतर इंग्रजीपेक्षा जास्त लागतं, कारण वर वेलांटी, मात्रा, रफार आणि खाली उकार. साडेदहाला पंधरा हे आपण वर धरलंच आहे. मोठ्या मथळ्यात मात्र हेच प्रमाण ठेवलं तर दोन ओळी दोन वेगळे मथळे वाटतात. तिथे ओळी जवळ आणा, पण पहिल्या ओळीतला उकार दुसऱ्या ओळीच्या वेलांटीवर आदळतोय का ते पाहा. आदळत असेल तर ओळ दुसरीकडे तोडा, नाहीतर संपादकाकडे शब्द बदलून मागा. मथळ्याचा शब्द मांडणीसाठी बदलणं यात कमीपणा काही नाही, मासिकांत हे रोज चालतं.

लेखाच्या सुरुवातीला मोठं अक्षर ठेवायचं असेल तर पूर्ण अक्षर उचला. ‘स्त्रियांच्या’ या शब्दात ‘स्त्रि’ एक अक्षर आहे, सॉफ्टवेअरच्या लेखी ते सहा चिन्हांचं आहे. ड्रॉप कॅपचा आकडा ‘१’ ठेवला की अक्षर मोडतं. आकडा वाढवत न्या आणि मोठ्या अक्षराची शिरोरेषा पहिल्या ओळीच्या शिरोरेषेला जुळवा. जुळत नसेल तर हा मोह सोडा. पहिले चार शब्द ठळक केले तरी काम होतं.

देवनागरी आकडे की इंग्रजी आकडे, हे एकदा ठरवून अंकभर तेच ठेवा, पानांकांसकट.

एकच जोडपान, तोच मजकूर, तीन मांडण्या

सगळ्या सरावात मला सर्वांत उपयोगी वाटतो तो हा. नवा लेख घेऊ नका. जुन्या अंकातलं सर्वांत फसलेलं जोडपान घ्या, मजकूर आणि फोटो तेच ठेवा.

समजा लेख आहे गिरणगावातल्या खाणावळींवर. १४०० शब्द, पाच फोटो, आणि पहिल्या अंकात तो दोनच पानांत कोंबला होता. वरच्या बाजूला पाचही फोटो एकाच मापात ओळीने. मधल्या फोटोवर लाल अक्षरांत, सावली दिलेला मथळा. खाली तीन रकाने, दोन्ही कडा जुळवलेले. कोपऱ्यात फिकट पिवळ्या चौकटीत एक उद्गार, जो शेजारच्याच परिच्छेदात पुन्हा छापलेला.

आता दोष वाक्यांत. पाच फोटो सारखे, म्हणून नजरेला सुरुवात नाही. मथळा फोटोवर आहे आणि खालचा फोटो गजबजलेला आहे, म्हणून सावली द्यावी लागली. सावली हा उपाय नाही, लक्षण आहे. १४०० शब्द दोन पानांत बसवण्यासाठी अक्षर नऊ पॉइंटवर आणलं. उद्गार नवीन काही सांगत नाही.

‘अ’ मांडणी करताना फक्त फोटो बदला. एक फोटो निवडा, जो एकटा लेख उभा करील : समजा, ताटात भाकरी वाढणारा हात आणि मागे भिंतीवरचा जेवणाच्या दरांचा फळा. तो डावं पान पूर्ण व्यापेल इतका मोठा करा, कडेपर्यंत. दोन फोटो लहान करून एकत्र ठेवा. उरलेले दोन काढून टाका. फोटो काढणाऱ्या मित्राला राग येईल, येऊ द्या.

‘ब’ मांडणीत मथळ्याला हात लावा. तो फोटोवरून उतरवून उजव्या पानावर, पांढऱ्यावर आणा. काळा रंग, सावली नाही. ओळ अर्थावर तोडा : ‘खाणावळीत आता / कोण जेवतं?’ पहिल्या ओळीत उकार नाही, म्हणून ओळी बिनधास्त जवळ येतात. खाली दोन-तीन वाक्यांचा इंट्रो चौदा पॉइंटमध्ये, मग बायलाइन, मग मजकूर.

‘क’ मांडणीत रकाने. दोन रकाने, साडेदहा पॉइंट, आणि लेख चार पानांवर. जागा कुठून आणणार? डमीकडे परत जा. कुठला तरी दुसरा लेख एका पानाने लहान करावा लागेल, एखादी कविता शेवटी सरकेल. मांडणी म्हणजे बहुतेक वेळा ही घासाघीसच.

तिन्ही मांडण्या छापून मूळ पानाशेजारी लावा. बऱ्याचदा असं दिसतं की सगळ्यांत मोठा फरक ‘अ’ने पडला, फॉन्टने नाही. ही गोष्ट ज्याने त्याने आपल्या पानावर पाहावी, म्हणून एका वेळी एकच बदल.

फोटो

छपाईला इंचामागे ३०० पिक्सेल धरा. व्हॉट्सॲपवर साधा पाठवलेला फोटो लहान होऊन येतो. १६०० पिक्सेल रुंद आला तर तो साडेतेरा सेंटिमीटरच्या पलीकडे ताणू नये. वरच्यासारखं पूर्ण पान भरायचं तर रुंदीला सव्वादोन हजारांच्या आसपास पिक्सेल लागतील. म्हणून फोटो डॉक्युमेंट म्हणून नाहीतर ड्राइव्हवरून मागवा. गुगलवरून उचललेला फोटो मापात बसला तरी तो तुमचा नाही. प्रत्येक फोटोला छायाचित्रकाराचं नाव द्या, वर्गमित्र असला तरी.

फोटोओळीत ‘खाणावळीतील एक दृश्य’ लिहू नका, ते दिसतंच आहे. जे फोटोत दिसत नाही ते लिहा : जागा, वेळ, माणूस कोण.

मुखपृष्ठ

यावर विद्यार्थी सर्वांत जास्त वेळ घालवतात, म्हणून इथे थोडक्यात. अंकाचं नाव, एक चित्र, एक मुख्य मथळा, दोन-तीन लहान मथळे. नावाची अक्षरं शक्य असेल तर हाताने करा, वर्गात कुणीतरी सुलेखन करणारं असतंच. चित्र निवडताना वरचा तिसरा हिस्सा शांत असलेलं निवडा, म्हणजे नाव बसवायला मागे रंगाची पट्टी लागत नाही. नंतर मुखपृष्ठ काडेपेटीएवढं करून मोबाइलवर पाहा. नाव वाचता आलं तर ठीक.

प्रेसला देताना

फाइल पूर्ण व्हायच्या आधी प्रेसमध्ये जाऊन या. कागद कोणता, कटिंग कसं होणार, पीडीएफ सुटी पानं हवी की जोडपानं, हे त्यांच्याच तोंडून ऐका. आतल्या पानांना ७० जीएसएम (चौरस मीटरमागे ग्रॅम, म्हणजे कागदाचं वजन) मॅपलिथो स्वस्त आणि वाचायला बरा, चमकत नाही. फोटो जास्त असतील तर आर्ट पेपर. मुखपृष्ठाला २५० च्या आसपासचं आर्ट कार्ड. कडेपर्यंत जाणारा फोटो चारही बाजूंनी ३ मिमी बाहेर काढा, नाहीतर कटिंगनंतर पांढरी रेघ राहते.

एक बारीक पण महागात पडणारी गोष्ट : मजकुराचा काळा रंग फक्त काळ्या शाईचा हवा. वर्डमधून आलेला काळा अनेकदा आरजीबी (स्क्रीनसाठीचा लाल-हिरवा-निळा यांतून केलेला रंग) असतो आणि रूपांतर होताना चारही शायांत वाटला जातो. छपाईत शाया केसभर जरी सरकल्या तरी शिरोरेषेला रंगीत कडा येते आणि बारीक मात्रा धूसर होतात. पीडीएफ ॲक्रोबॅटमध्ये उघडून सेपरेशन, म्हणजे प्रत्येक शाईची वेगळी प्लेट, पाहा. काळी प्लेट बंद केली की सगळा मजकूर नाहीसा झाला पाहिजे. काळ्या पट्टीवर पांढरा मजकूर असेल तर वजन एक पायरी जाड घ्या, कारण शाई आतल्या बाजूने पसरते.

एक प्रत छापून घेतल्याशिवाय सगळ्या प्रतींना हो म्हणू नका.

टिपण कसं लिहायचं

प्रकल्पासोबत ‘मी काय शिकलो’ असं टिपण द्यावं लागतं आणि बहुतेक टिपणं अशी असतात : ‘या प्रकल्पातून मला इनडिझाइनचे ज्ञान मिळाले व टीमवर्कचे महत्त्व कळले.’ हे वाक्य कुणाच्याही प्रकल्पाला चिकटवता येतं, म्हणून परीक्षक ते वाचतसुद्धा नाही.

त्याऐवजी : ‘पहिल्या अंकात ४७ मिमीच्या तीन रकान्यांत मजकूर दोन्ही कडा जुळवून लावला होता. ओळीत पाचच शब्द बसत आणि लांब शब्द खाली गेला की भोकं पडत. एका वाचकाने तो लेख दुसऱ्या पानावरच सोडून दिला. दुसऱ्या अंकात ७३ मिमीचे दोन रकाने केले. भोकं गेली, पण लेख दोनाचा चार पानांचा झाला आणि त्यासाठी दोन फोटो आणि एक कविता गाळावी लागली. कविता गाळणं योग्य होतं का याबद्दल गटात अजून मतभेद आहेत.’

काय होतं, ते चुकतंय हे कशावरून कळलं, काय बदललं आणि त्या बदलापायी काय सोडावं लागलं, एवढं त्यात आलं पाहिजे. शेवटचं बहुतेक जण लिहीत नाहीत. काहीही न सोडता सगळं सुधारलं असं टिपण आलं की ते नंतर घरी बसून रचलेलं आहे हे ओळखू येतं.

यासाठी पुरावा काम चालू असतानाच जमवावा लागतो. रोज काम थांबवताना तारखेच्या नावाने पीडीएफ काढून ठेवा. ‘फायनल’, ‘फायनल-२’, ‘खरंच-फायनल’ अशा नावांवरून पुढे कुणालाच काही कळत नाही. लाल पेनाच्या प्रिंट्सचे फोटो काढा. गटात काम असेल तर कुठलं पान कुणी लावलं हे डमीवरच लिहा, म्हणजे तोंडी परीक्षेत दोघांनी एकाच पानावर हक्क सांगायची वेळ येत नाही. तोंडी परीक्षेला जाताना दोन्ही अंकांतल्या त्याच त्या जोडपानांना खूण लावून न्या आणि पहिला प्रश्न येण्याआधी ती शेजारी शेजारी उघडून ठेवा.